नेमके भोक

धातूतल्या भोकाची परीक्षा तीन अंगांनी होते: जागा, दिशा आणि माप. भोक खुणेवर पडले पाहिजे, पृष्ठभागाशी काटकोनात उतरले पाहिजे आणि त्यात बसणाऱ्या पिनेला किंवा बोल्टला लागेल तेवढेच रुंद झाले पाहिजे. ही तिन्ही अंगे एकाच बैठकीत सांभाळणारे यंत्र म्हणजे जिग बोरर. जिनिव्हातील सिप कंपनीने ते १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. त्याआधी शंभर वर्षे वाफेची इंजिने, बंदुका, शिलाई यंत्रे आणि घड्याळे बनतच होती आणि त्यांतली भोके एकमेकांसमोर येतही होती. ते काम ज्या साध्या अवजारांनी होत असे, त्यांतली बहुतेक आजही घरच्या बाकावर, कानस, हॅकसॉ आणि हातातले ड्रिल मशीन एवढ्या सामग्रीत करता येतात. त्यांची रीत एकच आहे. एका अवजाराकडून तिन्ही अंगांची अपेक्षा करायची नाही. जागा पंचाने ठरवायची, दिशा बुशाने, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणाऱ्या कडक कड्याने, धरायची आणि माप शेवटच्या हलक्या कापाने आणायचे.

भोक चुकते ते मुख्यतः ड्रिलच्या टोकाच्या घडणीमुळे. पीळदार ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन मॉर्स यांनी १८६३ मध्ये घेतले. त्याआधी चपट्या पात्याचे ड्रिल चाले. सुताराच्या सामत्याचे पाते त्याच जातीचे. खंबायतचे मणी करणारे कारागीर तर पिढ्यानपिढ्या कमानीने फिरवलेल्या, टोकाला हिऱ्याची कणी बसवलेल्या ड्रिलने अकीक भेदत आले आहेत. पीळदार ड्रिलने कीस वर काढण्याचा प्रश्न सोडवला, पण टोकाचा स्वभाव बदलला नाही. ड्रिलच्या दोन धारा जिथे भेटतात तिथे बिंदू नसतो, एक आखूड आडवी कड असते. ती कापत नाही, धातूला नुसती चिरडते. मध्यावर फिरण्याचा वेग शून्य असल्याने तिथे कापणे शक्यही नसते. गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवलेली ही कड आधार सापडेपर्यंत भटकते आणि जिथे रुतेल तिथेच भोक सुरू होते. उरलेली चूक दोन धारांच्या असमानतेतून येते. एक धार दुसरीपेक्षा लांब असली की ड्रिल आपल्या मध्याभोवती न फिरता जरा बाजूच्या बिंदूभोवती फिरतो आणि १० मिमीचा ड्रिल १०.२ चे भोक पाडून मोकळा होतो.

म्हणून पहिले घरगुती अवजार धार तपासण्याचे असावे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. सारख्या मापाचे दोन षटकोनी नट सपाट बाजूला सपाट बाजू लावून झाळले की त्यांच्या मधल्या खाचेचा कोन बरोबर १२० अंशांचा होतो. बाजारातल्या साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. दोन अंशांचा फरक कामाच्या दृष्टीने नगण्य आहे. ग्राइंडरवर धार लावल्यावर टोक या खाचेत बसवून उजेडासमोर धरायचे. एका बाजूने प्रकाशाची फट दिसली तर कोन चुकला. धारांची लांबी मोजायला पोलादी पट्टी पुरते.

आता जागा. लोखंडावर पेन्सिलीची रेघ टिकत नाही आणि सुईने ओढलेली रेघ उघड्या धातूवर दिसत नाही, म्हणून आधी रंग लागतो. बाजारात निळे मार्किंग मिळते, पण मोरचुदाचे पाणी तितकेच चांगले. मोरचूद पाण्यात विरघळवून स्वच्छ, तेलकटपणा नसलेल्या पोलादावर फडक्याने फिरवले की तांब्याचा पातळ लाल थर चढतो आणि त्यावरची रेघ पोलादाच्या रंगाने चकाकते. ॲल्युमिनियमवर ही युक्ती लावू नये. तिथे जाड शाईचा मार्कर बरा. रेघ ओढायला जुन्या त्रिकोणी कानशीचे टोक घासून सुई करता येते. तिच्यावर हातोडी मात्र कधीही मारायची नाही. कानशीचे पोलाद इतके कडक असते की ठोक्याने त्याचे तुकडे उडतात. घरी पंच करताना अनेकजण नेमकी तीच चूक करतात आणि जुन्या कानशीला टोक काढतात.

पंच दोन लागतात. पहिला बारीक, ६० अंशांच्या टोकाचा. तो रेघांच्या छेदावर टेकवला की रेघेची खाच बोटांना जाणवते आणि टोक आपोआप तिच्यात स्थिरावते. दुसरा ९० अंशांचा, जाड. तो पहिल्याच्या खळग्यात ठेवून घाव घातला की ड्रिलच्या आडव्या कडेला मावेल एवढा खळगा होतो. एकाच जाड पंचाने एकदम काम उरकणाऱ्याचे भोक अर्धा मिलिमीटर हमखास सरकते, कारण जाड टोकाखाली छेद दिसतच नाही आणि हातात धरलेला पंच घावाच्या क्षणी थोडा कलतो.

कलण्यावर उपाय म्हणजे वाटाड्या पंच, आणि या लेखातल्या सगळ्या अवजारांत तो सर्वांत मोलाचा. पंचवीस-तीस मिलिमीटर जाडीची आणि तेवढ्याच उंचीची गोल सळी लेथवर धरून तिचा तळ सपाट करायचा आणि त्याच बैठकीत, सळी न सोडता, मधोमध ८ किंवा १० मिमीचे भोक पाडून रीमर फिरवायचा. एकाच बैठकीत झाल्यामुळे भोक तळाशी काटकोनात असते. हीच या अवजाराची सगळी अचूकता. या ठोकळ्यात दोन वस्तू सरकतात. एक पंच, दुसरी पारदर्शक ॲक्रिलिकची दांडी. दांडीचा खालचा भाग सपाट घासून मध्यावर सुईने टोचा देऊन त्यात काळी शाई भरतात. वरचा भाग घुमटासारखा गोल करून पॉलिश पेपरने आणि मग दात घासण्याच्या पेस्टने चकचकीत करतात. हा घुमट भिंगाचे काम करतो. ठोकळा जॉबवर ठेवून वरून पाहिले की रेघांचा छेद फुगून दिसतो आणि काळा ठिपका त्याच्यावर नेमका आणता येतो. मग ठोकळा एका हाताने घट्ट दाबून धरायचा, दांडी काढायची, पंच सोडायचा आणि एक हलका घाव. तळाला पातळ रबर किंवा बारीक पॉलिश पेपर चिकटवला तर ठोकळा सरकत नाही. लेथ घरी नसेल तर हे एवढे काम बाहेर करून घ्यावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही जॉब शॉपमध्ये ते अवघड नाही.

रिव्हेटांच्या ओळीसारखी समान अंतरावरची भोके असतील तर दोन पायांचा पंच करतात. एक पाय आधीच्या खळग्यात बसतो, दुसरा पुढचा खळगा पाडतो. काम झपाट्याने होते, पण पायांतल्या अंतराची चूक प्रत्येक पावलागणिक साठत जाते. पायांमध्ये ०.१ मिमीचा फरक असला तर वीस पावलांनंतर ओळ २ मिमीने सरकलेली असते. कपाटाच्या पत्र्याला ते चालेल. गियरबॉक्सच्या झाकणाला चालणार नाही.

एवढे करूनही ड्रिल सरकतोच, विशेषतः ओतीव लोखंडाच्या खडबडीत कातडीवर. त्यासाठी जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे. खळग्याभोवती कंपासने भोकाच्या मापाचे वर्तुळ काढून ठेवायचे आणि त्याच्या आत एक लहान वर्तुळ. ड्रिल टेकवून त्याचे टोक अर्धेमुर्धे आत गेले की थांबून पाहायचे. शंकूच्या आकाराचा खड्डा लहान वर्तुळाशी एककेंद्री दिसला तर पुढे जायचे. एका बाजूला कलला असेल तर ज्या बाजूला ड्रिल ओढायचा त्या बाजूच्या उतारावर गोल टोकाच्या छिन्नीने एक-दोन खाचा पाडायच्या. तिथे धातू कमी झाल्याने ड्रिल त्या बाजूला झुकतो. ड्रिलचा पूर्ण व्यास आत जाण्याआधीच हे करावे लागते. एकदा बाजूच्या भिंती तयार झाल्या की ड्रिल त्यांच्याच मागे जातो आणि मग चूक सुधारायला फक्त कानस उरते.

दोन भोकांमधले अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पाळायचे असेल तर रेघ आणि पंच पुरे पडत नाहीत. डोळ्याला एवढा फरक दिसत नाही. तिथे बटणे येतात. ही शर्टाची बटणे नव्हेत. सारख्या व्यासाच्या, मधोमध मोठे भोक असलेल्या, साधारण १० मिमी व्यासाच्या पोलादी चकत्या. अवजारे करणाऱ्यांच्या कारखान्यांत जिग बोरर येण्याआधी सगळी मोठी अचूकता याच चकत्यांवर उभी होती. भोकाच्या जागी आधी ढोबळमानाने पंच मारून एक छोटे भोक पाडतात, त्यात आटे पाडतात आणि बटण लहान स्क्रूने त्यावर हलकेच आवळतात. बटणाचे भोक स्क्रूपेक्षा बरेच मोठे असल्याने ते इकडेतिकडे सरकवता येते. आता मायक्रोमीटरने मोजायचे. दोन भोकांत ४० मिमी अंतर हवे आणि बटणे १० मिमीची, तर दोन्ही बटणांच्या बाहेरच्या कडांमधले माप बरोबर ५०.०० यायला हवे. हलक्या टिचक्यांनी सरकवून ते आले की स्क्रू घट्ट करायचा. मग जॉब लेथच्या फेसप्लेटवर बांधून डायल इंडिकेटरचे टोक बटणाला लावून फेसप्लेट फिरवायची. काटा स्थिर राहिला म्हणजे बटणाचा मध्य लेथच्या अक्षावर आला. बटण काढून तिथेच भोक बोअर करायचे आणि दुसऱ्या बटणासाठी हेच पुन्हा. काम सावकाश होते, एका भोकाला सहज अर्धा तास जातो. पण लेथ असेल तर एका पैशाचीही यंत्रसामग्री न वाढवता ०.०१-०.०२ मिमीपर्यंत पोचणारी दुसरी रीत सापडणे कठीण. बटणे लेथवर एका सळीतून एकाच व्यासाची कापून घ्यायची. ती सगळी सारखी असणे महत्त्वाचे, बरोबर १० असणे नव्हे.

जागा साधली तरी भोक तिरके गेले तर दुसऱ्या बाजूला ते भलतीकडेच बाहेर येते. २० मिमी जाड पट्टीत एका अंशाच्या कलाने तळाशी सुमारे ०.३५ मिमीची चूक होते. हातातल्या मशीनने ड्रिल करताना एक सोपी मदत घेता येते. जुनी सीडी जॉबवर अशी ठेवायची की तिच्या भोकातून खूण दिसेल. सीडीत ड्रिलचे प्रतिबिंब पडते. खरा ड्रिल आणि प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी एका सरळ रेषेत दिसले की ड्रिल काटकोनात आहे. डोळा हा फरक आश्चर्य वाटावे इतका चांगला पकडतो. स्टँडवर बसवलेल्या मशीनची परीक्षा वाकवलेल्या तारेने करतात. चकमध्ये इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली जाड तार धरायची, तिचे टोक टेबलाला जेमतेम कागद सरकेल इतके जवळ आणायचे आणि चक हाताने फिरवायचे. चारही दिशांना कागद सारखाच अडखळला तर टेबल सरळ आहे. एका बाजूला सैल गेला तर टेबलाखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची. स्वस्त स्टँड बहुतेक वेळा या परीक्षेत नापास होतात आणि एक-दोन पट्ट्या घातल्यावर बरे काम देतात.

दिशेचे खरे अवजार म्हणजे जिग: कडक केलेले बुश बसवलेला ठोकळा, जो जॉबवर बांधला की ड्रिल बुशातूनच जाऊ शकतो. बुश विकत घेण्याऐवजी भंगारातले बेअरिंग वापरता येते. छोट्या मोटरीत आणि स्केटिंगच्या चाकात सापडणाऱ्या ६०८ नंबरच्या बेअरिंगचा आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिमी असते. ६२६ चा आतला व्यास ६, तर ६००० चा १०. ही कडी कडक पोलादाची आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागांपर्यंत घासलेली असतात. चांगला ड्रिल मुद्दाम नाममात्र मापापेक्षा काही शतांश लहान केलेला असतो, म्हणून ८ चा ड्रिल ६०८ च्या कड्यातून अलगद सरकतो. चांगल्या बुशाची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या दीड-दोन पट असावी लागते, तेव्हा एकच बेअरिंग अपुरे पडते आणि दोन एकावर एक ठेवावी लागतात. बुशाचे तोंड आणि जॉब यांच्यात ड्रिलच्या व्यासाच्या अर्ध्याएवढी तरी फट ठेवायची. नाहीतर कीस बुशातच अडकतो आणि ड्रिलबरोबर बुशालाही झिजवू लागतो.

जिगचा दुसरा फायदा अचूकतेपेक्षा मोठा आहे. एकदा जिग झाला की कौशल्य हातातून जिगमध्ये जाते आणि नवखा माणूसही शंभर जॉब सारखे करतो. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू करत शिकावे, ही त्यामागची कल्पना. असे शिकताना दहा मुलांच्या दहा हातांतून बाहेर पडणारे तुकडे एकमेकांना बसायचे असतील तर भर जिगवरच द्यावा लागतो.

गोल सळीत आडवे भोक पाडणे हे दिशेच्या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप. सळीच्या पाठीवर ड्रिल कुठल्याही बाजूला घसरू शकतो. व्ही आकाराच्या ठोकळ्यात सळी बसवायची आणि ड्रिलच्या टोकाखाली, सळीच्या पाठीवर, एक छोटी पोलादी पट्टी आडवी ठेवून मशीन हळूच खाली आणायचे. पट्टी टोक आणि सळी यांच्यात चिमटली जाते. ती आडवी राहिली तर टोक सळीच्या बरोबर माथ्यावर आहे. एका बाजूला झुकली तर त्या बाजूला सळीची पाठ उतरते आहे, म्हणजे टोक तिकडे सरकले आहे. ठोकळा सरकवून पट्टी सपाट झाली की तो बांधून टाकायचा. या परीक्षेला दहा सेकंद लागतात आणि चूक दशांश मिलिमीटरच्या आत येते.

राहिले माप. नुसत्या ड्रिलने पाडलेले भोक थोडेतरी मोठे होतेच. पिन घट्ट बसवायची असेल तर भोक ०.१ ते ०.२ मिमी लहान पाडून उरलेले रीमरने काढतात. रीमर महाग, आणि घरी प्रत्येक मापाचा ठेवणे परवडत नाही. त्याऐवजी डी-बिट करता येते. नावाप्रमाणे ते आडवे कापले तर डी अक्षरासारखे दिसते. साहित्य म्हणजे सिल्व्हर स्टीलची सळी. हे सुमारे एक टक्का कार्बनचे पोलाद नेमक्या व्यासात घासलेले मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत चौकशी करावी. सळीचे टोक साधारण व्यासाच्या चार-पाच पट लांबीपर्यंत कानशीने अर्धे घासायचे. बरोबर अर्धे मात्र नाही. मायक्रोमीटरने मोजत अर्ध्यापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर जास्त ठेवायचे, कारण अर्ध्याच्या खाली गेले की बिट लहान भोक पाडू लागते. टोकाची धार मागच्या बाजूला पाच-सहा अंश उतरती करायची, म्हणजे फक्त कडच कापेल.

मग पाणी देणे. सिल्व्हर स्टील ७७० ते ७९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि तो रंग डोळ्याने ओळखायला सराव लागतो. चुंबकाने काम सोपे होते. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते. गॅसच्या बत्तीवर बिट फिरवत तापवायचे, मधूनमधून चुंबक लावायचे आणि तो सुटला की क्षणभर आणखी तापवून बिट सरळ उभे पाण्यात बुडवायचे. आडवे बुडवले तर ते वाकते. आता ते काचेइतके कडक आणि तितकेच ठिसूळ असते. त्याची सपाट बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून मागच्या बाजूने हळूहळू तापवली की रंग टोकाकडे सरकताना दिसतात: फिका पिवळा, मग गडद, मग तपकिरी, जांभळा, निळा. टोकाला पिवळा आला, म्हणजे सुमारे २३० अंश झाले, की पुन्हा पाण्यात. जांभळ्यापर्यंत गेले तर पुन्हा पहिल्यापासून. वर दिलेले पंचही असेच करावेत. त्यांचे टोक मात्र जरा पुढच्या रंगापर्यंत जाऊ द्यावे आणि हातोडीखालचे डोके मुद्दाम मऊ ठेवावे.

डी-बिटची एक अट आहे. ते स्वतः मध्य शोधत नाही. त्याला सुरुवातीला स्वतःच्या व्यासाएवढ्या खोलीचे खरे भोक मिळावे लागते. ते मिळाले की त्याची पाठ त्या भिंतींवर टेकते आणि पुढे ते ओळीत, मापात जाते. लांब, सरळ भोकासाठी डी-बिट अनेकदा रीमरपेक्षा सरस ठरते. वेग कमी, तेल भरपूर आणि कीस काढायला वारंवार बाहेर काढणे, एवढे पाळावे.

वेगाबद्दल थोडेच. मऊ पोलादात हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलचा कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. ६ मिमीच्या ड्रिलसाठी तो मिनिटाला सुमारे १३०० फेरे होतो आणि १२ मिमीसाठी सुमारे ६५०. हातातली मशीन अनेकदा याहून खूप वेगाने फिरतात, म्हणून मोठे ड्रिल घरी लवकर जळतात. ॲल्युमिनियमला रॉकेल चालते, बिडाला काही लागत नाही. पितळेत ड्रिल एकाएकी आत ओढला जातो. त्यासाठी धारेची पुढची कड बारीक दगडाने किंचित बोथट करायची.

पातळ पत्रा हा वेगळा प्रांत आहे. तिथे ड्रिलचे टोक पलीकडे गेल्यावरही त्याच्या बाजू पत्र्यात आलेल्या नसतात, म्हणजे वाट दाखवायला कोणीच नसते. ड्रिल नाचतो आणि भोक तीन कोपऱ्यांचे होते. वर्षानुवर्षे कारखान्यांत चालणारा उपाय म्हणजे ड्रिलच्या टोकाखाली पत्र्यावर कापडाची चार-पाच पदरी घडी ठेवायची. कापड ड्रिलभोवती गुंडाळले जाऊन मऊ बुशासारखे काम करते आणि भोक गोल येते. हे फक्त स्टँडवरच्या मशीनवर, पत्रा शिकंज्यात घट्ट बांधलेला असतानाच करावे. दुसरा उपाय म्हणजे पत्रा दोन जाड पट्ट्यांमध्ये किंवा लाकडात चेपून एकदम ड्रिल करणे. पलीकडे बाहेर पडण्याच्या क्षणी ड्रिल पत्रा पकडून फिरवतो आणि पत्रा हातात असेल तर बोटे कापतो. म्हणून पत्रा कधीही हाताने धरू नये, हातमोजे घालू नयेत आणि चष्मा असावा.

पत्र्यासाठी खरे अवजार पंच आणि डाय. त्यातली मुख्य अडचण म्हणजे दोघांतली फट. पंच डायपेक्षा किंचित लहान हवा. मऊ पोलादाच्या पत्र्याला प्रत्येक बाजूला जाडीच्या पाच ते दहा टक्के फट ठेवतात, म्हणजे १ मिमी पत्र्याला पाच ते दहा शतांश मिलिमीटर. फट जास्त झाली तर कडेला मोठा बर उभा राहतो, कमी झाली तर पंच घासतो आणि फुटतो. घरी हे माप साधायची रीत अशी आहे की ते जणू आपोआप येते. साधारण १० मिमी जाडीच्या दोन पोलादी पट्ट्या घ्यायच्या, मध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा थोडी जाड पट्टी सारून दोन बोल्टांनी आवळायच्या आणि दोन्हींतून एकाच दमात ड्रिल करायचे. वरची पट्टी पंचाला वाट दाखवते, खालची डाय होते. एकाच वेळी पाडल्यामुळे त्यांची भोके समोरासमोर असतात. पंच म्हणून त्याच मापाचा बेअरिंगचा सुई-रोलर वापरायचा. तो कडक आणि अगदी नेमक्या व्यासाचा असतो. ड्रिलने पाडलेले भोक ड्रिलपेक्षा काही शतांश मोठे होते, हा त्याचा दोष इथे फटीच्या कामी येतो. मधल्या खाचेत पत्रा सरकवायचा, रोलर सोडायचा आणि मऊ पितळी दांडी मध्ये ठेवून हातोडीचा घाव घालायचा. रोलरवर थेट पोलादी हातोडी मारली तर कणी उडते.

किती जोर लागतो ते आधी काढता येते. भोकाचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी गुणिले कापबळ. मऊ पोलादाचे कापबळ दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५० न्यूटन धरले तर १ मिमी पत्र्यात ६ मिमीच्या भोकाला सुमारे ६६०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६७० किलो लागतात. हातोडीचा चांगला घाव एवढे सहज देतो. २५ मिमीच्या भोकाला मात्र पावणेतीन टनांहून जास्त लागतात आणि तिथे हातोडी चालत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात हौशी मंडळी सॉकेटची इंचभराहून मोठी भोके पाडायला बोल्टने ओढणारा पंच वापरत, आणि तो घरी करता येतो. वाटीसारखी पोकळ डाय एका बाजूला, पंच दुसऱ्या बाजूला, आणि पत्र्यात आधी पाडलेल्या भोकातून जाणारा चांगल्या दर्जाचा १० मिमीचा बोल्ट. बोल्टचे आटे आवळत गेले की पंच पत्र्यातून ओढला जातो. पंचाचा तळ सपाट न ठेवता मधे खोल आणि दोन टोकांना उंच केला तर तो एकदम सगळा परीघ कापत नाही, कात्रीसारखा कडेने सरकत जातो आणि जोर निम्म्याच्या आसपास येतो. जाड पत्र्याला गाडीचा हायड्रॉलिक जॅक चौकटीत बसवून प्रेस करतात. चौकट भक्कम नसली तर ती आधी वाकते. पंचिंगची एक मर्यादा लक्षात ठेवावी: मऊ पोलादात भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी असू नये. तिथे पंच मोडतो आणि काम ड्रिलकडेच जाते.

तापलेल्या लोखंडात भोक पाडणारा लोहार मात्र कापत नाही. तो धातू बाजूला सारतो. दोन्ही बाजूंनी सुंबा मारल्यावर शेवटी एक लहानशी चकती गळून पडते आणि बाकीचा धातू भोकाभोवती फुगून राहतो. सोनाराचे जंतरही पंचाने पाडलेल्या भोकांचेच असते. तार ओढून ओढून एखादे भोक मोठे झाले की त्याच्याभोवती ठोकून ते पुन्हा बंद करतात आणि नव्याने पंच मारतात. पाडलेले भोक बुजवून पुन्हा मापात आणण्याची ही सोय ड्रिलच्या कामात नाही.

या अवजारांपैकी आधी कोणते करावे, याबाबत फारसा वाद नाही. दोन नटांचा मापक आणि ठोकळ्यातला वाटाड्या पंच, या दोहोंनी घरच्या बाकावरच्या बहुतेक चुका संपतात. बेअरिंगचा जिग आणि दोन पट्ट्यांचा पंच पुढच्या पायरीवर करावेत, आणि बटणे काम तसे आले तरच. ड्रिल मात्र घरी करण्याच्या फंदात पडू नये. स्वस्तातले दहा घेण्याऐवजी चांगल्या हाय-स्पीड स्टीलचे दोन घ्यावेत आणि धार लावायला शिकावे.